तुम्ही विचारलंत म्हणून: बेझिलचं बदक आणि जेरोनिमोची तसबीर

एकांकिका लेखनाच्या शिबिराला गेले की दुसऱ्या दिवशीच्या चहाला हा प्रश्न येतोच: 'ताई, विनोदी मालिका ब्रिटिशांच्या भारी की अमेरिकनांच्या?' विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'फ्रेंड्स' तोंडपाठ असते, आणि ताई 'ब्रिटिशांच्या' म्हणणार हेही त्याच्या कानावर आलेलं असतं. उत्तर तेच आहे. पण त्यामागचं सगळं चहा संपेपर्यंत सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

माझ्यासाठी सगळं एका बदकापासून सुरू होतं. 'फॉल्टी टॉवर्स' ही बीबीसीची मालिका. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातलं छोटंसं हॉटेल, त्याचा मालक बेझिल फॉल्टी, म्हणजे जॉन क्लीझ. १९७५ च्या पहिल्या सीझनमध्ये एक भाग आहे खास मेजवानीच्या रात्रीचा. बेझिलला उच्चभ्रू गिऱ्हाइकं हवी आहेत. येतात चार माणसं. आचारी दारू पिऊन आडवा झालेला. मेनूवर उरतं फक्त बदक, आणि तेही ओळखीच्या रेस्टॉरंटमधून शिजवून आणायचं. पहिलं बदक जमिनीवर पडून पायाखाली येतं. बेझिल दुसरं आणायला गाडी काढतो आणि परतीच्या वाटेवर गाडी बंद पडते. तो तिला दम देतो, तीनपर्यंत आकडे मोजतो, आणि एकदम पळत फ्रेमबाहेर जातो. कॅमेरा हलत नाही. बंद पडलेली गाडी नुसती दिसत राहते. मग बेझिल झाडाची फांदी घेऊन येतो आणि गाडीला बडवून काढतो.

मुलांना मी ती रिकामी फ्रेम थांबवून दाखवते. लाफ्टर येतो फांदीला, पण तो तयार होतो त्या दोनचार सेकंदांत, जेव्हा पडद्यावर काहीच घडत नसतं आणि हा आता काय घेऊन येणार हे आपण मनात शोधत असतो. रंगमंचावर इतका वेळ मोकळा सोडायला छाती लागते.

त्याच भागाचा शेवट तर मला आजही हसवता हसवता गलबलून टाकतो. बेझिल हॉटेलवर पोचतो, पाहुण्यांसमोर ताटावरचं झाकण उचलतो, आणि आत ट्रायफल असतं, केक-क्रीमचं गोड पुडिंग. तो झाकण परत ठेवतो. पुन्हा उचलतो. तरी ट्रायफलच. मग तो दोन्ही हात कोपरापर्यंत त्या पुडिंगमध्ये घालून बदक शोधायला लागतो. वेड लागल्यासारखा नाही, अगदी मनापासून. बदक आत असायलाच हवं, नाहीतर त्याचं सगळं आयुष्य चुकलं असं होईल. या जागेला मी फार मानते. मोठ्या घरचा दिसावा म्हणून धडपडणारा हा माणूस त्या गावातून, त्या लग्नातून, त्या हॉटेलातून कधीच सुटणार नाही हे तिथे दिसतं.

आणि तो सुटत नाहीच. 'फॉल्टी टॉवर्स'चे भाग एकूण बारा. १९७५ साली सहा, १९७९ साली सहा, बस. लिहिणारी माणसं दोनच, क्लीझ आणि कॉनी बूथ. हॉटेलात काम करणारी पॉली म्हणजे हीच बूथ. दोघं नवराबायको होती. १९७८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, आणि त्यानंतरच्या वर्षी आलेल्या सहा भागांवरही नावं दोघांचीच. एकेका संहितेवर त्यांनी आठवडेच्या आठवडे घालवले. बीबीसीचा खर्च प्रेक्षकांनी टीव्हीसाठी भरलेल्या परवाना शुल्कातून भागायचा. मधे जाहिराती नाहीत, त्यामुळे अर्ध्या तासाचा अर्धा तास हातात. आणि सहा भाग केलेत, आता बावीस करा, असं कुणी म्हणत नव्हतं.

अमेरिकेत नेमकं तेच म्हणायचे. सप्टेंबर ते मे दर आठवड्याला कार्यक्रम हवा, म्हणजे वर्षाला बावीस-चोवीस भाग. जाहिराती वजा जाता एका भागाला पंचवीसेक मिनिटं. खरा पैसा पुढे, पुनःप्रक्षेपणात, आणि स्थानिक वाहिन्यांना मालिका विकायची तर साधारण शंभर भाग जमलेले लागायचे. हा रस्ता घालून दिला ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ या जोडप्याने. १९५१ साली 'आय लव्ह ल्युसी' त्यांनी हॉलिवूडमध्ये, समोर प्रेक्षक बसवून, तीन कॅमेऱ्यांनी चक्क फिल्मवर चित्रित केली, म्हणून ती पुन्हा पुन्हा दाखवता आली. बीबीसी त्या काळात टेप पुसून परत वापरायची. 'डॅड्स आर्मी' या त्यांच्याच विनोदी मालिकेचे तीन भाग असे गेले ते आजतागायत मिळालेले नाहीत. मला हे वाचून घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

शंभर भाग दोन माणसं लिहू शकत नाहीत. मग एका खोलीत दहा-बारा लेखक बसतात. आणि बेझिलसारखा माणूस शंभर आठवडे दिवाणखान्यात कोण येऊ देईल? तो निवळावा लागतो. 'द ऑफिस'चं बघा, एका कचेरीतल्या नकोशा बॉसची मालिका. इंग्लंडमध्ये बारा भाग आणि वर दोन भागांचा नाताळचा विशेष, अमेरिकेत दोनशे एक. अमेरिकन आवृत्तीचा पहिला भाग जवळजवळ ब्रिटिश संहितेवरूनच केला होता. दुसऱ्या सीझनपासून त्यांनी त्या बॉसला आतून प्रेमळ केलं, आणि मालिका तिथून चालायला लागली. 'फॉल्टी टॉवर्स'वरून अमेरिकेत १९८३ साली 'अमांडाज' केली, तेव्हा तर बेझिलच काढून टाकला आणि हॉटेल एका विधवा बाईच्या हाती दिलं. ती काही महिन्यांतच गुंडाळावी लागली.

आता माझ्या घरातलं सांगते. माझे बाबा मंत्रालयात नोकरीला होते. ठाण्यातल्या एका कॅसेट लायब्ररीतून मी 'येस मिनिस्टर' आणली होती, एक मंत्री आणि त्याला खेळवणारा त्याचा सचिव सर हम्फ्री यांची ब्रिटिश मालिका. बाबांना इंग्रजी वाचता उत्तम यायचं, पण ते उच्चार कानाला पकडता येत नव्हते. तरी सर हम्फ्रीने मान किंचित कलती करून 'यस, मिनिस्टर' म्हटलं की बाबा माझ्याआधी हसायचे. एक भाग आहे नव्या कोऱ्या इस्पितळाचा. पाचशे प्रशासकीय कर्मचारी, आणि रुग्ण एकही नाही. डॉक्टर-नर्सही नाहीत. तिथली अधिकारी बाई मंत्र्याला अभिमानाने सांगते की स्वच्छतेत आमच्या इस्पितळाचा नंबर फार वरचा लागतो. बाबा म्हणाले, 'मागे घे.' तीन वेळा बघितलं. तिसऱ्या वेळी ते हसले नाहीत, नुसते बघत बसले. पुढे २००१ साली स्टार प्लसवर याच मालिकेवरून 'जी मंत्रीजी' आली, फारुख शेख मंत्री होते. ती त्यांनी आवडीने बघितली, पण इस्पितळाचा विषय निघाला की म्हणायचे, 'ते मूळचंच.' त्या मालिकेत मंत्री हरतो, कधी जिंकतोही, पण व्यवस्था जिथल्या तिथे राहते, आणि लेखक तिला शेवटी गोड करत नाहीत. माझं मत ब्रिटिशांकडे झुकतं ते यामुळे.

मालिकांच्या मागे ऐकू येणारा हशा मात्र मला सरसकट खटकतो असं नाही. प्रेक्षक समोर बसून हसले असतील तर तो हशा नटांच्या टायमिंगचा भाग असतो. पण कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी इस्पितळावरची 'मॅश' स्टुडिओत प्रेक्षक न बसवता चित्रित व्हायची, आणि तरी सीबीएस वाहिनीने तिच्यावर रेकॉर्डेड हशा चढवायला लावला. मालिकेचे लेखक लॅरी गेल्बार्ट आणि मंडळींनी भांडून एवढंच मिळवलं की ऑपरेशन थिएटरमधल्या प्रसंगांत हशा नको. बीबीसीने तीच मालिका दाखवली ती हशा काढून. १९७५ च्या मार्चमधल्या भागात इस्पितळाचा प्रमुख हेन्री ब्लेक गेल्याची बातमी येते ती त्याच ऑपरेशन थिएटरमध्ये. हातातली औजारं थांबत नाहीत, मागे फक्त त्यांचा आवाज. तिथे हशाची पट्टी नसणं किती मोलाचं होतं ते ऐकूनच कळतं.

आणि एक गोष्ट अमेरिकनांनाच जमली, ती मी मोकळ्या मनाने मान्य करते. 'चीअर्स', बोस्टनमधल्या एका बारची गोष्ट. १९८२ ते १९९३, भाग दोनशे पंचाहत्तर. सुरुवातीला ती कुणी बघत नव्हतं. 'कोच' नावाच्या म्हाताऱ्या बारटेंडरचं काम निकोलस कोलासांतो करायचे. फेब्रुवारी १९८५ मध्ये ते वारले. त्यांच्या मेकअपच्या खोलीत अपाची नेता जेरोनिमोची एक तसबीर होती. सहकाऱ्यांनी ती आणून बारच्या भिंतीवर लावली. कुठल्याही भागात तिच्याबद्दल काही सांगितलं नाही. ती नुसती मागे असायची. आठ वर्षांनी, अगदी शेवटच्या भागात, बारचा मालक सॅम रात्री एकटा आवराआवर करून निघतो, त्या तसबिरीपाशी थांबतो, ती जराशी सरळ करतो आणि आत निघून जातो.

बाबांच्या शेवटच्या वर्षात, ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा, आम्ही दोघांनी 'चीअर्स' पहिल्या भागापासून बघितली, रोज रात्री दोन भाग. 'येस मिनिस्टर' लावू का विचारलं तर नको म्हणायचे. त्यांना त्या बारमध्ये जाऊन बसायचं असायचं. तसबिरीचा प्रसंग आला तेव्हा मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी ते म्हणाले, 'कोचची ना?'

बारा भागांत हे होऊ शकत नाही. त्याला अकरा वर्षं लागतात, आणि बघणाऱ्याचेही पुष्कळ महिने.

म्हणून आता विचारलंत तर 'ब्रिटिशांच्या' हेच उत्तर देईन, आणि बदकाचा भाग आज रात्री बघा म्हणेन. तो सुटा बघितला तरी पुरा कळतो. 'चीअर्स'चा तो तुकडा मात्र शोधून बघू नका. तसा बघितलात तर एक माणूस भिंतीवरचा फोटो सरळ करतो, एवढंच दिसेल.