माझा अनुभव: खड्ड्यात टायर फुटला आणि कौन्सिलकडून भरपाई मिळाली

फेब्रुवारीतली पावसाळी संध्याकाळ, इंग्लंडमधला गावाबाहेरचा रस्ता. समोर पाणी साचलेलं दिसलं, मला ते साधं डबकं वाटलं. डावं पुढचं चाक धाडकन आदळलं आणि थोड्याच अंतरावर गाडी डावीकडे ओढायला लागली. टायरच्या कुशीला बोटभर चीर पडली होती, रिमची कड आत दबली होती.

"इन्शुरन्समधून करून टाक," नवरा म्हणाला. पण त्यात एक्सेस (खर्चातला ठरलेला सुरुवातीचा हिस्सा) आपल्या खिशातून जातो, नो-क्लेम बोनसलाही धक्का लागतो. शिवाय रस्ता नीट ठेवणं ज्यांचं काम, त्या कौन्सिलला (नगरपालिका-जिल्हा परिषदेसारखी इथली स्थानिक संस्था) जाब विचारायलाच हवा असं मला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उजेडात दोघंही परत गेलो. गाडी लांब लावली, चमकती जॅकेटं घातली, एकाने येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवली. पाणी ओसरलं होतं. खड्ड्यात टेप उभी धरली तर ६२ मिलिमीटर. बऱ्याच कौन्सिलांमध्ये ४० मिलिमीटरच्या आसपासचा खड्डा दुरुस्तीला घेतात. टेपसकट फोटो काढले, लांबूनही काढले. फोटोत खड्ड्याभोवती पिवळ्या रंगाचा पुसटसा चौकोन दिसत होता. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पहिला अर्ज चुकीच्या दारी गेला. आमच्याकडे डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशी दोन कौन्सिलं आहेत, आणि रस्ते काउंटीकडे असतात. (मोटरवे आणि मोठे ए-रोड नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीकडे.) दुसऱ्यांदा फॉर्म भरला, सोबत फोटो, नकाशा, एमओटी (गाडीच्या वार्षिक तपासणीचं प्रमाणपत्र) आणि गॅरेजचं बिल जोडलं. गॅरेजवाल्याला मी बिलावरच लिहायला सांगितलं होतं की नुकसान आदळल्यामुळे झालंय आणि टायरची नक्षी अजून ५ मिलिमीटर शिल्लक होती. ही ओळ पुढे फार कामी आली.

नऊ आठवड्यांनी पत्र आलं: क्लेम नामंजूर. फार वाईट वाटलं. बरेच जण इथेच सोडून देतात, म्हणून हा भाग नीट सांगते. हायवेज ॲक्ट १९८० च्या कलम ४१ प्रमाणे रस्ता सुस्थितीत ठेवणं कौन्सिलचं कर्तव्य आहे. पण कलम ५८ त्यांना बचाव देतं: पुरेशी काळजी घेतली, म्हणजे ठरल्याप्रमाणे तपासणी आणि वेळच्या वेळी दुरुस्ती केली, हे त्यांनी दाखवलं तर ते जबाबदार धरले जात नाहीत. म्हणजे खड्डा खोल होता एवढं सिद्ध करून भागत नाही. तो त्यांना कधी माहीत झाला आणि त्यानंतर त्यांनी काय केलं, यावर सगळं ठरतं. आणि हे त्यांच्याच दप्तरात लिहिलेलं असतं.

मग मी फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली त्या रस्त्याच्या सहा महिन्यांच्या तपासणीच्या नोंदी, तक्रारी आणि दुरुस्तीचे आदेश मागितले. उत्तराला कामाचे २० दिवस असतात. एकोणिसाव्या दिवशी पीडीएफ आली. २३ जानेवारी: नागरिकाची तक्रार. २५ जानेवारी: पाहणी केली, खड्ड्यावर खूण केली, कामाच्या ५ दिवसांत बुजवणे. पुढचा रकाना कोरा. माझा टायर १२ फेब्रुवारीला फुटला होता. तो पिवळा चौकोन त्यांच्याच माणसाने काढलेला होता!

एका पानाचं पत्र लिहिलं, तारखा एकाखाली एक मांडल्या, पीडीएफ जोडली. वाद घातला नाही. तीन आठवड्यांत त्यांनी जबाबदारी मान्य केली. रिम आणि अलाइनमेंटचे पूर्ण पैसे मिळाले, टायरच्या ११८ पौंडांपैकी ६२. टायर वापरलेला होता, त्यामुळे झिजेचे पैसे कापतात. नव्याची नक्षी साधारण ८ मिलिमीटर, कायद्याने किमान १.६ लागते, आणि माझी ५ होती. म्हणजे वापरता येण्याजोग्या ६.४ पैकी ३.४ उरली होती, निम्म्याहून थोडी जास्त. हिशोब मला पटला.

२३ जानेवारीला तक्रार करणाऱ्याचं नाव कागदावर काळ्या पट्टीखाली झाकलेलं आहे. त्या माणसाने चार मिनिटं काढली नसती तर माझ्या हातात काहीच नसतं. त्याचे आभार मानायलाही वाट नाही. परवा बस स्टॉपसमोर नवा खड्डा दिसला. घरी येऊन जेवायला बसण्याआधी तो फोटोसकट फिक्स माय स्ट्रीट या कौन्सिलकडे तक्रार पोचवणाऱ्या वेबसाइटवर नोंदवला.