खराब जॉब बॅगेत घालून प्रदर्शनाला: तीन दिवसांचा वृत्तांत

आमचं काम धातूच्या जॉबवर विजेने मुलामा चढवण्याचं, म्हणजे प्लेटिंगचं. निघताना बॅगेत सगळ्यात आधी भरले ते सहा रिजेक्ट ब्रॅकेट आणि हल सेलच्या (टाकीतलं द्रावण, म्हणजे बाथ, तपासायचं छोटं भांडं) चार पट्ट्या. महिनाभर आमच्या निकेलच्या टाकीतून हाच माल येत होता. बाहेरून आरशासारखा, आतल्या खोबणीत मात्र काळपट. ब्राइटनर (चकाकी देणारं रसायन) वाढवून पाहिला, कार्बन ट्रीटमेंट करून द्रावण शुद्ध केलं, जॉब टांगायच्या जिगची मांडणी बदलली, तरी खोबण काळीच. सरफेस फिनिशिंगच्या प्रदर्शनाला जायचं ठरलेलंच होतं, तेव्हा ठरवलं की या वेळी प्रश्न हातात घेऊनच जायचं.

मी लॅब बघते. सोबत टाकीला डीसी करंट देणारा रेक्टिफायर आणि पंप सांभाळणारे आमचे सहकारी होते. दोघांनी जाण्याचा मोठा फायदा झाला. केमिकलच्या स्टॉलवर मी बोलायचे आणि ते शेजारच्या यंत्रामागे जाऊन वायरिंग बघायचे. एकट्याला दोन्हीकडे लक्ष ठेवणं जमत नाही. मालकांनी एकालाच पाठवायचं म्हटलं तर टाकीवर रोज उभा राहणारा माणूस पाठवावा, असं मी आग्रहाने सांगेन.

पहिल्या दिवशी सकाळ वाया गेली ती चूक आमचीच. दारापासून सुरुवात करून ओळीने स्टॉल बघत सुटलो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पिशवीत चार किलो माहितीपत्रकं जमली, कामाची गोष्ट एकही नाही. दुपारी बसून नकाशावर दहाच स्टॉलना खुणा केल्या आणि प्रत्येकासमोर एकेक प्रश्न लिहिला. तुम्ही हे काम घरीच करून या.

पहिल्या दोन स्टॉलवर ब्रॅकेट हातात घेण्याआधीच नवा ब्राइटनर सुचवला गेला. तिसऱ्या स्टॉलवर पांढऱ्या केसांचे एक तंत्रज्ञ होते. हल सेलमध्ये पट्टीच्या एका टोकाला करंट जास्त, दुसऱ्याला कमी मिळतो, आणि जॉबच्या खोबणीतही तो कमीच पोचतो. त्यांनी पट्टी तिरकी धरून कमी करंटच्या टोकाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही पट्टी किती अँपिअरवर काढली?" मी म्हटलं, २ अँपिअर, १० मिनिटं. "एक पट्टी अर्ध्या अँपिअरवर काढा. रोग खोबणीत असेल तर तपासही खोबणीच्या करंटवर व्हायला हवा. आणि बाथमध्ये तांबं किती आहे?"

तांबं आम्ही मोजतच नव्हतो. निकेल, क्लोराइड, बोरिक अॅसिड, पीएच, झालं. वॉट्स बाथचे, म्हणजे निकेलच्या नेहमीच्या द्रावणाचे, हे आकडे जागेवर असले की बाथ ठणठणीत, अशी आमची समजूत होती. चकचकीत निकेलमध्ये लीटरला २०-३० मिलिग्रॅम तांबंही कमी करंटच्या जागा काळवंडायला पुरतं आणि जस्ताचीही तीच तऱ्हा, हे पुस्तकात वाचलं होतं. आपल्या टाकीला लावून पाहिलं नव्हतं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, त्याच टाकीत पितळेचे जॉब करता का? करतो. खाली पडलेले कसे काढता? दर आठवड्याला चुंबक फिरवतो. यावर ते हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "चुंबकाला पितळ लागत नाही."

त्या वाक्यावर आमच्या प्रवासाचा खर्च वसूल झाला. तळाशी राहिलेलं पितळ विरघळून बाथमध्ये तांबं आणि जस्त सोडत होतं. त्यांच्याकडे आमच्यासाठी विकण्यासारखं काहीही नव्हतं, तरी त्यांनी वीस मिनिटं दिली. निघताना हल सेलच्या २६७ मिलीलीटरचं कारणही सांगितलं. त्यात २ ग्रॅम घातलं की अमेरिकन गॅलनला १ औंस, म्हणजे लीटरला साधारण साडेसात ग्रॅम होतं, गुणाकार करावा लागत नाही. इतकी वर्षं हे भांडं वापरतेय, पण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

जाणाऱ्यांना म्हणूनच सांगते, जॉब न्या, पट्ट्या न्या. पट्टी नीट सुकवून कागदात गुंडाळा आणि मागे अँपिअर, वेळ, तापमान आणि हवेचं ढवळणं होतं की नाही ते लिहा. बाथचं द्रावण मात्र विमानाच्या सामानात अजिबात टाकू नका. नमुना द्यायचाच असेल तर रीतसर कागदपत्रांसह कुरिअरने पाठवा. ग्राहकाचा जॉब दाखवायचा असेल तर त्याची परवानगी आधी घ्या.

दुसरा दिवस ट्रायव्हॅलंट क्रोमला, म्हणजे विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमच्या कमी घातक पर्यायाला दिला. तिथेच सगळ्यात जास्त गर्दी होती आणि त्याचं कारण उघड आहे. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड (हेक्झाव्हॅलंट बाथचं मूळ रसायन) परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि कॅलिफोर्नियात शोभेच्या प्लेटिंगसाठी हेक्झाव्हॅलंट १ जानेवारी २०२७ पासून बंद करण्याचा नियम आहे. स्टॉलवरचे नमुने देखणे होते. आम्ही आमचा हेक्झाव्हॅलंटचा तुकडा शेजारी ठेवला तर रंग हुबेहूब जुळला. मग दोन्ही तुकडे मागून घेऊन हॉलबाहेर उन्हात नेले आणि फरक लख्ख दिसला. स्टॉलच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. रंगाची एल, ए, बी मापं (उजळपणा आणि छटा दाखवणारे यंत्राचे आकडे) लिहून मागा आणि बाथ जुना झाल्यावर ती किती सरकतात तेही विचारा.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हेक्झाव्हॅलंट बाथ बरंच सोसतो. ट्रायव्हॅलंटला लोखंड, निकेल, तांबं, जस्त यातलं थोडंही सोसत नाही. म्हणून विचारायचं ते हे की लोखंड कसं काढणार, आयन एक्स्चेंजचा (नको असलेले धातू रेझिनने काढण्याचा) खर्च कोणाच्या माथी, अॅनोड (टाकीतले धन ध्रुव) कोणते आणि किती टिकतात. ज्यांनी ही उत्तरं आकड्यांत दिली त्यांचीच कार्डं मी ठेवली. कार्डाच्या मागे लगेच दोन ओळी लिहायच्या. संध्याकाळी सगळे चेहरे एकच होतात.

झिंक-निकेल या गंजरोधक मुलाम्याच्या स्टॉलवर मिठाच्या फवाऱ्याचे, म्हणजे गंज-चाचणीचे, तास मोठ्या अक्षरांत लावलेले होते. असे तास वाचताना पांढरा गंज की लाल, थर किती मायक्रॉनचा, वर सीलर (संरक्षक लेप) होता का, आणि पॅसिव्हेशननंतर (गंज रोखणाऱ्या रासायनिक प्रक्रियेनंतर) तापवून मग चाचणी घेतली का, हे विचारल्याशिवाय पुढे सरकू नका. ५ टक्के मीठ आणि ३५ अंश सेल्सिअस हे सगळीकडे सारखंच, पण तेवढ्यावर दोन आकड्यांची तुलना होत नाही. ते तास म्हणजे उघड्यावरची वर्षंही नव्हेत. सांडपाण्याचा प्रश्नही तिथेच विचारा. अल्कधर्मी झिंक-निकेलमधली अमाइन्स (नायट्रोजन असलेली सेंद्रिय रसायनं) निकेलला धरून ठेवतात, त्यामुळे नुसता पीएच वाढवून निकेल खाली बसत नाही. शिवाय अॅनोडवर अमाइन्स तुटून सायनाइडही तयार होऊ शकतं. आम्ही विचारल्यावर विक्रेत्याने आतून केमिस्टला बोलावलं आणि त्यानंतरचं बोलणं खूपच उपयोगी झालं.

रेक्टिफायरचं श्रेय सहकाऱ्यांचं. त्यांचा प्रश्न सगळीकडे एकच होता, पाव लोडवर रिपल (डीसीमधला चढउतार) किती? पूर्ण लोडचा आकडा कोणीही सांगतो. थायरिस्टरच्या रेक्टिफायरमध्ये व्होल्टेज खाली आणलं की रिपल वाढतो, आणि आपण मोठा रेक्टिफायर घेऊन वर्षानुवर्षं कमी लोडवर चालवतो. क्रोमला ५ टक्क्यांच्या वर रिपल गेला की त्रास सुरू होतो. एका स्टॉलवर ऑसिलोस्कोप लावून दाखवला, त्यांचं नाव वहीत अधोरेखित झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आवराआवर सुरू होते, नवं काही दिसत नाही. पण त्या सकाळी स्टॉलवर गर्दी कमी असते आणि तंत्रज्ञ मोकळे असतात. उरलेले कठीण प्रश्न तेव्हासाठी ठेवा. ऑर्डरवर सही मात्र तिथे करू नका. आधी आपल्या लॅबमध्ये हल सेल, मग छोट्या टाकीत आपलेच जॉब, आणि मग मोठी टाकी. ट्रायलसाठी माल पाठवाल तर धातू आणि आधीची धुलाई रोजचीच असू द्या, खास निवडलेला स्वच्छ माल नको. आणि माहितीपत्रक विसरलात तरी चालेल, सेफ्टी डेटा शीट घेतल्याशिवाय परत येऊ नका.

परतल्यावर सोमवारी निकेलची टाकी रिकामी केली. तळाशी गाळात पितळेचे एकवीस जॉब सापडले, कडा खाल्लेले, काहींना तर छिद्रं पडलेली. गाळ काढला, द्रावण गाळून परत भरलं आणि पन्हळी पत्र्यावर ०.२ ते ०.५ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटरने डमी लावली, म्हणजे कमी करंटवर नको असलेले धातू त्या पत्र्यावर उतरवायला घेतले. पहिले काही तास पत्रा काळा येत राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पन्हळीच्या खोलगट भागातही उजळ निकेल दिसू लागलं, तेव्हा अर्ध्या अँपिअरची पट्टी काढली. ती आणि जुनी काळी पट्टी लॅबच्या फळीवर शेजारी लावली आहे. चुंबकाच्या जोडीला आता लांब दांड्याचा प्लास्टिकचा फावडाही आहे, आणि तांब्याची तपासणी दर आठवड्याच्या तक्त्यात आली आहे.