पाच महिन्यांची गाडी आणि बाबांची सही

रविवारी इथे इंग्लंडमध्ये, रेडिंगला सकाळचे आठ वाजले होते, मुंबईत साडेबारा. आईचा फोन आला आणि तिच्या आवाजावरूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं. मुलुंडहून दादरला मावशीकडे निघालेले दोघं. विक्रोळीच्या पुढे हायवेवर चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं. स्टीअरिंग जड, ब्रेक दगडासारखा, मागे टँकरचा हॉर्न. बाबांनी कशीबशी गाडी डावीकडे घेतली. गाडी पाच महिन्यांची, आणि हे तिसऱ्यांदा!

माझ्या इथल्या नव्या गाडीचा गिअरबॉक्स अडकायचा, तेव्हा 2015 चा ग्राहक कायदा कामी आला होता. पहिल्या 30 दिवसांत सदोष गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांच्या आत बिघाड निघाला तर तो मुळातच होता असं धरतात. तसं नाही हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं. एकदा दुरुस्ती करूनही तोच दोष राहिला, तर वापराचे पैसे कापून गाडी परत.

आपल्याकडे गाड्यांसाठी वेगळा कायदा नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली राहत्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी फक्त 400 रुपये. पण दोष दाखवायचा आपण, आणि तो कागदावर.

म्हणून बाबांना जॉबकार्डांचे, म्हणजे सर्व्हिस सेंटर तक्रार आणि काम ज्यावर लिहितं त्या कागदांचे, फोटो पाठवायला सांगितलं. तिन्हींवर एकच ओळ: 'चेक केले, ओके.' खाली बाबांची ती वळणदार सही. पोटात गोळाच आला. गाडी रस्त्यात बंद पडल्याचा एका अक्षराने उल्लेख नाही. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा गोड बोलतो, बाबा भिडस्त.

"बाबा, या वेळी तुमच्या शब्दांत लिहून घ्या. तोवर सही करू नका."

आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग बाबा मेकॅनिकला शेजारी बसवूनच हायवेला निघाले. ऐरोलीच्या सिग्नलपाशी गाडी त्याच्यासमोर बंद पडली. निदान झालं, फ्युएल पंप. चौथ्या जॉबकार्डावर लिहिलंय: 'चालू गाडीत इंजिन बंद, ग्राहकासोबत ट्रायलमध्ये खात्री केली.'

पंप वॉरंटीत बदलून मिळाला. पुन्हा बंद पडली तर गाडीच बदलून मागायची, असं पत्र मी लिहून ठेवलंय. आई मात्र अजून दादरला लोकलनेच जाते.