चपला काढायची जागा

देवळात चपला काढायला पाटी लागते. 'पादत्राणे येथे ठेवावीत', शेजारी बाण, बाणापलीकडे टोकन देणारा पोरगा, आणि एवढं करून एखाद्याची नवीकोरी जोडी जायची ती जातेच. मला कुतूहल आहे ते गोव्यातल्या बिनपाटीच्या जागांचं. माणूस शेताच्या मेरेवरून तरातरा चाललेला असतो. एका जुन्या आंब्याखाली येतो, पायातलं काढून हातात घेतो, दहा पावलं अनवाणी जातो आणि पुढे पुन्हा घालतो. तिथे ना घुमटी, ना घंटा, ना शेंदूर. विचारलं तर म्हणतो, "राखणदार असा थंय." म्हणजे तिथे राखणदार आहे. विषय संपला.

हा राखणदार म्हणजे गावाच्या सीमेवरचा, डोंगराच्या वाटेवरचा, खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीच्या, बांधावरचा देव. खाडीचं खारं पाणी बांध फोडून भातात शिरलं तर वर्षाचं पीक गेलं, म्हणून बांधाची काळजी माणसांनी आणि त्याने मिळून घ्यायची असा जुना करार. वर्षाकाठी त्याला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, द्यायचा, आणि रात्री-अपरात्री तिथून जाताना जरा नीट वागायचं. त्याला चेहरा बहुतेक ठिकाणी नाहीच. हातात काठी, खांद्यावर कांबळं आणि पायात करकरणाऱ्या वहाणा एवढंच वर्णन ऐकायला मिळतं. आम्ही काढायच्या आणि त्याने घालायच्या! आमच्या सीमेला लागून वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे. त्याला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे, कारण देव रात्री गावभर फिरतो. म्हणजे देऊळ बांधून दिलं तरी हे दैवत रात्रीचं घरी सापडायचं नाही.

गोव्याच्या माणसाला याचं नवल वाटत नाही, त्याला कारण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतली देवळं पाडली, तेव्हा लोकांनी देव उचलले. कुठ्ठाळीचा मंगेश झुवारी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंड्याचा भाग, तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता, तो गेला 1763 मध्ये. आज पर्यटक इथल्या ज्या देवळांसमोर फोटो काढतात त्यांतले बहुतेक देव मुळात इथे आसऱ्याला आलेले. पण देव नेला तरी मागे राहिलेल्या जमिनीचं काय? कुंकळ्ळीकरांना विचारा. त्यांची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, तरी फाल्गुनातल्या छत्रोत्सवात ती दर वर्षी आपल्या जुन्या गावी येते. बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या, गुलाल, ढोलांचा दणदणाट. त्या वांगडांतली पुढे ख्रिस्ती झालेली घरंही यात आपला मान राखून आहेत. चारशेहून अधिक वर्षं उलटली, पण माहेरवाशिणीची वाट तिला कोणी विसरू दिलेली नाही.

ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही हे इगर्जीपुरतं, म्हणजे चर्चपुरतं नाही. वाटेवरच्या खुरसापाशी (क्रूसापाशी) मे महिन्यात लादाइन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, म्हणतात. एक व्हायोलिन, चार म्हाताऱ्यांचे खडे आवाज, वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या, आणि शेवटी उकडलेले चणे. (चण्यांबरोबर मोठ्यांना आणखी काय मिळतं ते सांगायला नको.) तिथे चपला काढत नाहीत. पण त्याच खुरसावरून फोंड्याची बस जाताना गाडी चालवणाऱ्या हिंदू ड्रायव्हरचा उजवा हात स्टिअरिंगवरून छातीकडे जाऊन येतो, तो मी रोज पाहते. बसमध्ये पुढच्या काचेला झेंडूचा हार आणि गणपती असतोच. ड्रायव्हरला यात काही विसंगत वाटत असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून तरी दिसत नाही. त्याचं लक्ष पुढच्या वळणावर असतं.

सत्तरी तालुक्यात बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई आहे. निरंकार म्हणजे ज्याला आकारच नाही तो, मग त्याला छप्पर कशाला? पाणथळ जागा, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली रानजायफळाच्या जातीच्या झाडांची मुळं, आणि पडलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही हा दंडक. अशी दलदलीची जंगलं आता फार थोडी उरली आहेत. ही टिकली ती लोकांच्या भीतीने, आणि मला या भीतीबद्दल आदर आहे.

पण माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे आमच्या वाड्यावरचा मांड. नवख्याला तो दिसणारच नाही. तीन घरांच्या मधली मोकळी जमीन, कडेला एक वड, बस्स. उन्हाळ्यात तिच्या आसपास सोलं वाळत पडतात, पोरांचा चेंडू तिच्यावरून घरंगळतो. पौष लागला की बायका ती जागा शेणाने सारवतात, समई लावतात, आणि त्या रात्रीपासून तिथे धालो, म्हणजे बायकांची नाचगाणी. दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात घालून, वाकत, पुढे येत, मागे जात. आधी धरतरीला नमन, मग गावच्या देवांना, मग रानातल्या. दिवसभर शिमेंटच्या पाट्या उचललेली बाई इथे पुढचं गाणं धरते आणि बँकेतली तिच्यामागून म्हणते.

गेल्या पौषात पुण्याहून आलेली भाची मोबाइल उंचावून सरळ सारवणावर चालून आली. मांडाची म्हातारी गाणं न तोडता तिच्या पायांकडे बघून म्हणाली, "व्हाणो काड गो बाये, मांड न्हय हो!" (वहाणा काढ गं, हा मांड आहे ना!) आणि पुढची ओळ तालात धरली. भाचीने इकडेतिकडे पाहिलं. देव कुठे आहे ते शोधत असावी. मग सँडलचे पट्टे सोडले. थंड सारवणावर पाय टेकले तेव्हा ती किंचित दचकली. नंतर रांगेतही उभी राहिली, पावलं चुकवत.

आता या मांडावर शेड घालायचा बेत निघाला आहे. पत्रे, लोखंडी खांब, खाली टाइल्स, भोवती स्टीलचं रेलिंग, दर्शनी भागात देणगीदारांची नावं. हेच गावोगाव चाललं आहे. काल घुमटीही नसलेल्या राखणदाराला आज संगमरवर, जाळीचा दरवाजा आणि उघडझापीच्या वेळा. करणाऱ्यांची भक्ती खोटी नाही हे मला ठाऊक आहे, पण टाइल्सवर शेण थापून सारवण कसं करणार ते मला कोणी सांगितलेलं नाही.

वाड्याच्या बैठकीत एकाने मुद्दा मांडला की शेड असली म्हणजे पावसाची चिंता नको. म्हातारी मागे भिंतीला टेकून पान जुळवत होती. म्हणाली, "पौषांत पावस खंय पडटा रे?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी शेड वडाच्या पलीकडे, लग्नामुंजीला उपयोगी पडेल अशी घालावी असं ठरलं. रेलिंगचं भांडण मात्र अजून मिटायचं आहे, कारण त्याचे पैसे देणाऱ्याला आपलं नाव मांडाकडे तोंड करूनच हवं आहे.