मारुती ८०० चा रेडिएटर फॅन: डायरेक्ट करण्याआधी व्होल्टेज मोजा

गाडी १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी. एसी नाही, त्यामुळे रेडिएटरवर एकच फॅन. तक्रार अशी, की हायवेला तापमानाचा काटा मधोमध बसलेला असतो. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढतो तेव्हाही जागचा हलत नाही. पण पुण्यात शिरलं आणि स्वारगेटच्या सिग्नलला जरा जास्त वेळ अडकलं, की काटा लाल पट्टीकडे सरकायला लागतो. फॅन लागतो, आवाजही येतो, पण काटा खाली यायचं नाव घेत नाही.

या लक्षणातच बरंच काही कळतं. गाडी पळताना समोरून वारा मिळतो आणि इंजिन थंड राहतं, म्हणजे रेडिएटर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट आपापलं काम करताहेत. हायवेला तापणारी आणि सिग्नलला ठीक असणारी गाडी असती, तर मी आधी रेडिएटरच्या नळ्यांकडे बघितलं असतं. इथे उभ्या गाडीत वारा कमी पडतोय, म्हणजे संशय सरळ फॅनवर.

तरी वायरींना हात लावण्याआधी पाणी बघायचंच. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरची कॅप उघडून पाहिली, कूलंट काठोकाठ होतं. हे बघणं एवढ्यासाठी, की पाणी कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर थर्मो स्विचच्या (पाणी ठरावीक तापलं की फॅन लावणारा स्विच) टोकाभोवती पाण्याऐवजी हवेचा फुगा राहतो. इंजिन उकळत असतं आणि स्विचला त्याचा पत्ताच नसतो. फॅन उशिरा लागतो म्हणून लोक स्विच बदलतात, मोटर बदलतात, आणि दोष निघतो एअरलॉकचा. कॅपचं रबरही तपासा. ०.९ बार दाबाची कॅप नीट धरत असेल तर पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप गळकी असेल तर हाच आकडा शंभराच्या खाली येतो, कारण पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी साधारण ९८ लाच उकळतं. पाचगणीला त्याहून आधी.

आमच्या गॅरेजवाल्या काकांनी तेव्हाच सुचवलं होतं, “डायरेक्ट करून टाकू या. चावी फिरवली की पंखा चालू, डोक्याला ताप नाही.” काकांचा अनुभव मोठा आहे आणि रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोहोचवायचं असेल तर मीही तेच करीन. पण कायमचा इलाज म्हणून मला ते पटत नाही. मोटरचे कार्बन ब्रश आणि बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) दिवसभर झिजतात, रात्री पावसात हेडलाइट, वायपर आणि फॅन असा सगळा भार आयडलिंगला ऑल्टरनेटरवर पडतो, हे तर आहेच. खरी अडचण वेगळी आहे. माझा फॅन लागत होताच. त्याला पुरेसा करंट मिळत नसेल, तर डायरेक्ट करूनही तो त्याच कुजक्या कनेक्टरमधून दिवसभर फिरत राहणार, आणि कनेक्टर दिवसभर तापत राहणार.

म्हणून मीटर काढला. इथे एक आग्रहाची विनंती: टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे करंट येतोय, एवढ्यावर थांबू नका. बारका बल्ब पाव अँपिअरवरही झकास पेटतो. फॅनला सात-आठ अँपिअर लागतात. अर्धी गंजलेली वायर बल्बला पुरते, मोटरला पुरत नाही. व्होल्टेज मोजायचं ते फॅन फिरत असताना, भार असताना. हात, बाही आणि मीटरच्या वायरी पात्यांपासून लांब ठेवून.

इंजिन आयडलिंगला, फॅन चालू. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, मोटरच्या दोन टोकांवर ९.१. म्हणजे साडेचार व्होल्ट वाटेतच गडप! क्लॅम्प मीटरवर करंट ९ अँपिअर.

आता हे साडेचार व्होल्ट कुठे जातात ते शोधायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर धरलं आणि दुसरं टोक वाटेतल्या एकेका सांध्यावर ठेवत गेलो. फ्यूज बॉक्सच्या क्लिपमध्ये ०.६ पडत होते. चावीचा स्विच आणि वायरी मिळून ०.५. आणि मोटरजवळच्या पांढऱ्या प्लॅस्टिक कनेक्टरमध्ये एकट्यात १.५. नऊ अँपिअर गुणिले दीड व्होल्ट, म्हणजे त्या चिमुकल्या कनेक्टरमध्ये साडेतेरा वॅट उष्णता. उघडून पाहिला तर एका बाजूचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, आतली पितळी पिन काळीनिळी पडलेली आणि तिची पकड इतकी ढिली, की बोटाने ओढली तर सहज बाहेर आली. वायरीचं आवरण कनेक्टरपासून बोटभर अंतरापर्यंत कडक झालेलं. तो भाग कापून टाकला. आतल्या तांब्याच्या तारा लालसर ऐवजी काळ्या निघाल्या, त्यामुळे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत गेलो.

प्लसकडचे २.६ झाले, राहिले १.९. ते अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या बाजूला. माझ्या गाडीत थर्मो स्विच एका वायरीचा आहे, म्हणजे मोटरचा करंट स्विचमधून जातो आणि स्विचच्या आट्यांमधून इंजिनाच्या धातूत उतरतो. काही जणांनी इंजिनाची अर्थ पट्टी बदलायला सांगितलं होतं. पण स्टार्टर एका झटक्यात इंजिन उचलत होता. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो आणि तो त्याच पट्टीतून परत जातो. पट्टी खराब असती तर आधी स्टार्टर रडला असता. मीटरने तेच सांगितलं, पट्टीत फक्त ०.१ व्होल्ट. स्विचच्या आतल्या काँटॅक्टमध्ये १.०. आणि स्विचचं पितळी अंग ते इंजिनाचा धातू, या एवढ्याशा अंतरात ०.८.

स्विच काढला तेव्हा कारण हातात आलं. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप, चांगले चार-पाच वेढे. कधीतरी गळती थांबवायला कुणीतरी गुंडाळली असणार, आणि गळती थांबलीही होती. पण एका वायरीच्या स्विचला आट्या हीच अर्थ असते, आणि टेफ्लॉनमधून वीज जात नाही. टेप काढून आट्या ब्रशने साफ केल्या, बसायची जागा पुसली आणि नवीन तांब्याचा वॉशर टाकून घट्ट केला. गळती नाही. दोन वायरींचा स्विच असेल तर टेपने अर्थ तुटत नाही, तेव्हा आपला स्विच कोणता ते आधी बघा.

स्विच बाहेर आहेच तर तापवून, कितीला लागतो ते तपासून घेतलं. नुसत्या पाण्यात ही चाचणी आपल्याकडे नीट होत नाही. आधी सांगितलं तसं पुण्यात पाणी ९८ ला उकळतं, आणि एखादा स्विच त्याच्या आसपास लागणारा असेल तर तो खराब आहे की पाणीच पुरेसं तापलं नाही, हे कळत नाही. निम्मं कूलंट, निम्मं पाणी घेतलं की मिश्रण शंभराच्या पुढे जातं. भांडं जुनं घ्या आणि ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका. घराबाहेरच करा. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, वर चवीला गोड, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा आणि उरलेलं झाकून ठेवा, ही गोष्ट मी फार गांभीर्याने सांगतोय.

स्विचचं फक्त टोक बुडवून, मीटरऐवजी ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब जोडून बघितलं. स्विच ९५ ला लागला, ९० च्या आसपास सुटला. तापमान बरोबर, फक्त काँटॅक्ट भाजलेले. सगळा करंट वर्षानुवर्षं त्यातून गेल्यावर दुसरं काय होणार?

मग मोटर. पातं हाताने फिरवलं तर लगेच थांबायचं. बुश कोरडे असले की मोटर जड फिरते, आणि जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते. ९ अँपिअरचं हेच कारण. मागची झाकणी उघडली, कार्बन ब्रशमध्ये अजून बरीच लांबी शिल्लक होती. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) बारीक पॉलिश पेपरने साफ केला, खाचांमधली कार्बनची पूड टोकदार काडीने काढली. एमरी पेपर इथे वापरू नये, त्याचे कण वीज वाहून नेऊ शकतात आणि खाचांत बसतात. बुश सच्छिद्र धातूचे आहेत, ते कोमट तेलात रात्रभर भिजत ठेवले. वरून ग्रीस थापून उपयोग नाही, ग्रीस त्या छिद्रांत शिरत नाही. आता पातं टिचकी मारली तरी बराच वेळ फिरतं.

शेवटचा भाग रिलेचा, म्हणजे बारक्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, आणि माझ्या मते जुन्या गाडीत करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच. बॅटरीपासून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला. ८७ वरून मोटरच्या प्लसला. मोटरची दुसरी वायर स्विचकडे न नेता सरळ बॉडीच्या स्वच्छ खरवडलेल्या बोल्टवर. ८६ ला चावीनंतरचा करंट, ८५ ला थर्मो स्विच. आता स्विचला आणि चावीला रिलेच्या कॉइलपुरता, एक अँपिअरचा पाचवा भागसुद्धा नसलेला करंट वाहायचा आहे. भाजलेले काँटॅक्टही तेवढं निभावून नेतात. वायरींच्या टोकांचे थिंबल ते दाबण्याच्या खास पक्कडनेच दाबले, साध्या पक्कडने चेपलेले थिंबल वर्षभरात ढिले पडतात. चावी बंद केल्यावरही फॅन चालावा अशी जोडणी काही जण करतात. माझी बॅटरी लहान आहे म्हणून मी टाळली.

जोडून झाल्यावर फॅन सरळ फिरतोय ना, हे बघायला विसरू नका. प्लस-मायनस उलटं झालं तर मोटर तितक्याच जोमाने उलटी फिरते आणि वारा पुढे फेकते, म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या विरोधात. वर्तमानपत्राचा कागद ग्रिलसमोर रेडिएटरला धरा. कागद जाळीला चिकटून बसला पाहिजे. माझ्याकडे आधी तो जेमतेम टेकायचा, आता खेचून घेतला जातो आणि जाळीच्या रेषा त्यावर उमटतात.

नवे आकडे: बॅटरीवर १३.६, मोटरवर १३.२, करंट ७ अँपिअर.

त्यानंतर वाई, पसरणी घाट, पाचगणी. शनिवार दुपार, घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग, पहिला-दुसरा गिअर आणि मधेमधे पूर्ण थांबा. काटा अर्ध्याच्या जरा वर गेला, फॅन लागला, काटा खाली आला, फॅन सुटला. हेच चक्र वरपर्यंत चालू राहिलं.

अजून दोन गोष्टी बाकी आहेत. फॅनभोवतीचं आच्छादन एका कोपऱ्यात तुटलंय आणि तिथून वारा रेडिएटरला बगल देऊन जातो. मूळ भाग मिळतोय का ते जुन्या सामानाच्या दुकानात बघतोय. आणि रिलेच्या ८७ वरून डॅशबोर्डपर्यंत एक वायर नेऊन छोटा हिरवा दिवा लावायचाय, फॅनला करंट मिळाला की पेटणारा. काटा चढतोय आणि दिवा पेटलेला नाही, एवढं दिसलं तरी रस्त्याच्या कडेला स्विचकडे बघायचं की मोटरकडे, ते लगेच ठरेल. कुणाच्या जुन्या ८०० मधून ते आच्छादन निघणार असेल तर नक्की कळवा.