खालीत बायां वाजला आणि ईईजीत दिसला

पंधरा वर्षं तबला वाजवतेय. मागच्या वर्षी क्लासमधली एक मुलगी, मेंदूवर पीएचडी करतेय ती, म्हणाली ताई ईईजीला (डोक्यावरून मेंदूतले विजेचे सिग्नल टिपतात ती चाचणी) बसता का, वाजवणाऱ्यांच्या मेंदूत काय वेगळं दिसतं ते बघायचंय. लगेच हो म्हटलं.

आदल्या रात्री केस धुवायचे, तेल, कंडिशनर काही नको. मग ६४ इलेक्ट्रोडची टोपी आणि एकेका भोकात बोथट सुईने गार जेल, यातच तास गेला. मेंदूतला सिग्नल कातडीपर्यंत येतो तेव्हा जेमतेम काही मायक्रोव्होल्ट उरतो, म्हणून एवढा खटाटोप. तिने डोळे मिटायला लावले आणि नंतर रेकॉर्डिंग दाखवलं, डोक्याच्या मागच्या भागातल्या रेघा लगेच लयीत डुलायला लागल्या होत्या, सेकंदाला दहाएक वेळा. अल्फा लहरी. १९२० च्या दशकात जर्मनीत हान्स बर्गरने पाहिलेल्या त्याच.

खरी टेस्ट अशी की समोर मूक सिनेमा, कानात द्रुत तीनताल, आणि तालाकडे लक्ष द्यायचं नाही. साधारण पाचातल्या एका आवर्तनात (तालाच्या एका पूर्ण फेरीत) खालीच्या, म्हणजे तालातल्या रिकाम्या भागातल्या, 'तिं'च्या जागी 'धिं', म्हणजे बायां (डाव्या हाताचा घुमणारा) बंद हवा तिथे वाजलेला. वाजवणाऱ्याला हे खटकणारच, आमचे गुरुजी पाठमोरे पेपर वाचत असले तरी खालीत बायां घुमला की तिथूनच हाक मारायचे.

पहिली दहा मिनिटं वाया गेली. बोटं आपोआप हलत होती आणि त्याहून वाईट म्हणजे तोंडातल्या तोंडात पढंत, म्हणजे तबल्याचे बोल म्हणणं, चालू होती, मला पत्ताच नाही. जीभ-जबड्याच्या स्नायूंचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा, सगळा आलेख भरून गेला. इतक्या वर्षांची सवय, ती दाबून नुसतं बसणं फार जड गेलं. पुढची चाळीस मिनिटं जीभ टाळूला टेकवून हलकी सोडली आणि तळवे उताणे ठेवले.

महिन्याने तिने आलेख दाखवला. एकेका चुकीत काहीच कळत नाही, शंभरेक चुकांची सरासरी काढली की बाकीचा गोंगाट विरतो आणि चुकीच्या बोलानंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आतच रेघ ऋण बाजूला सरकलेली दिसते. याला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात, फिनलंडच्या रिस्तो न्यातानेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेली. माझ्या भावाने कधी तबल्याला हात लावला नाही, त्याच्या आलेखात ती जवळजवळ नव्हतीच. मला भरून आलं. पण ती स्पष्ट म्हणाली, ताई दोघांवरून काही सिद्ध होत नाही, आणि हे रियाजाने आलं की तुमचा कान मुळातच असा होता हेही यातून कळत नाही, त्यासाठी शिकायला सुरुवात करायच्या आधीपासून मुलांना मोजत राहावं लागतं.

तिचं हे बोलणं मला पटलं. तिला अजून वाजवणारे हवेत, क्लासमधल्या तिघांना तयार केलंय. सगळ्यांना आधीच बजावलंय, तेल नको आणि पढंत मनातसुद्धा नको.