वरखत, गहाण आणि नऊ ओळी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असे पत्र आले. शाळेवर लिहायला बसलो आणि पहिल्या पानातच कळले की शाळेच्या नावाखाली इंग्रजीच्या सरांवरच लिहिले जाणार. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. सरांचे नाव घालत नाही, त्यांना ते आवडले नसते. आणि 'नऊ ओळी' म्हटल्यावर ज्याला सर आठवत नाहीत, तो आपल्या शाळेचा नव्हेच.

नंतरच्या तुकड्यांसाठी पद्धत तेवढी सांगतो, कारण ती कुठे लिहून ठेवलेली नाही. सोमवारी फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर एखाद्या राजकीय भाषणातल्या नऊ ओळी असत. नऊच का, तर सरांच्या अक्षरात तिथे तेवढ्याच मावत. त्या लिहिण्याआधी वह्या मिटवून दोनदा ऐकायच्या, अर्थ विचारायचा नाही. मग श्रुतलेखन. मग फळा पाहून आपल्या चुका आपणच दुरुस्त करायच्या. त्यानंतर पेन्सिलने खुणा करायच्या, पण एकट्या शब्दाखाली रेघ मारलेली सरांना चालत नसे. "शब्द कुणाबरोबर नांदतो ते दाखव," म्हणत. क्रियापद आणि त्याचे कर्म, नाम आणि त्यामागचे शब्दयोगी अव्यय, अशी जोडीच रेघेखाली यायला हवी. बुधवारी डस्टरने फक्त क्रियापदे पुसत आणि वर्गाने गाळलेल्या जागांसकट वाचायचे. शुक्रवारी 'टू', 'ऑन', 'इन', 'ऑफ' जात. पुढच्या सोमवारी प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर तेवढे उरे आणि त्यावरून नऊ ओळी उभ्या करायच्या.

आठवड्याला पाच जोड्या, सहावी नाही. हुशार मुले वीस-वीस उतरवून घेत आणि दिवाळीनंतर त्यांना त्यांतल्या चार आठवत. खरे नुकसान वेगळेच होई. जास्त शब्द गोळा करणारा अवघड शब्दांच्या मागे लागतो, आणि भाषणातले कामाचे शब्द तर लहान असतात.

राजकीय भाषणेच का, याचे सरांचे कारण असे की भाषण कानासाठी असते. वक्ता एकच रचना दोनदा-तीनदा फिरवून आणतो, त्यामुळे ती न घोकता बसते. शिवाय कोण, कुणाला, कोणत्या दिवशी बोलले हे ठाऊक असते. शब्दकोशातल्या शब्दाला गाव नसते, भाषणातल्या शब्दाला असते.

पहिले भाषण ठरलेले, १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचे संविधान सभेतले नेहरूंचे. 'ट्रिस्ट' या शब्दावर सगळा देश भाळला, सर त्याला दोन मिनिटेही देत नसत. ठरवून, बहुधा गुपचूप घेतलेली भेट, जुना शब्द, तुमच्या कामाचा नाही, पुढे चला. तास जाई 'रिडीम अवर प्लेज' वर. पाठ्यपुस्तकी अर्थ 'वचन पूर्ण करणे'. सर विचारत, सावकाराकडे दागिना ठेवतात त्याला काय म्हणतात? गहाण. ते इंग्रजीत प्लेज. पैसे भरून परत आणणे? सोडवणे. ते रिडीम. म्हणजे वक्ता म्हणतो आहे की शब्द गहाण टाकला होता, तो सोडवण्याची वेळ आली. आणि लगेच प्रामाणिकपणे जोडतो, 'नॉट होली ऑर इन फुल मेझर, बट व्हेरी सबस्टॅन्शली'. पुरेपूर नाही, पण बराचसा. फाळणीच्या पार्श्वभूमीवर 'नॉट होली' हे शब्द किती जड आहेत, ते सर आवाज न चढवता सांगत. वाक्याचा हा साचा वहीत वेगळा लिहायला लावत, कारण अर्धवट झालेल्या कामाची कबुली इंग्रजीत याहून नीट देता येत नाही.

त्याच भाषणातल्या दोन गोष्टी उचलू नका असेही बजावत. एक, 'लाँग यिअर्स अगो'. रोजच्या इंग्रजीत 'मेनी यिअर्स अगो' किंवा नुसते 'लाँग अगो'. दोन, 'जग झोपलेले असताना'. आपल्याकडे मध्यरात्र होती तेव्हा लंडनला संध्याकाळ होती आणि न्यूयॉर्कला दुपार. वक्त्याला ते माफ, निबंध लिहिणाऱ्याला नाही.

दुसरे भाषण डॉ. आंबेडकरांचे, ४ नोव्हेंबर १९४८ चे, राज्यघटनेचा मसुदा मांडतानाचे. भारतातली लोकशाही म्हणजे मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या जमिनीवरचे निव्वळ 'टॉप-ड्रेसिंग' आहे, हे त्यातले वाक्य. शहरातली पुस्तके याचा अर्थ 'वरवरचा मुलामा' असा देतात. चुकीचा नाही, पण पिकाचा वास गेला. आपल्या वर्गात शेतकऱ्यांची मुले होती. पीक उभे असताना वरून देतात त्या खताला काय म्हणतात, असे विचारल्यावर मागच्या बाकांवरून एकदम उत्तर आले, वरखत! त्या वाक्यातला 'सॉइल' शब्दही मग आपोआप जागेवर बसला. जमीन कशी आहे ते न बघता वरखत देऊन काय होते, हे त्या मुलांना सरांपेक्षा जास्त ठाऊक होते.

तिसरे २५ नोव्हेंबर १९४९ चे, समारोपाचे. राज्यघटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे 'अ बॅड लॉट' निघाले तर ती वाईटच ठरेल, यातल्या 'लॉट'ला सरांचा मराठी शब्द होता 'बेणं'. 'होल्ड फास्ट टू' म्हणजे घट्ट धरून राहणे, आणि आपण ते घटनात्मक मार्गांना धरून राहायचे. इथे 'फास्ट' वेगाचाही नाही आणि उपवासाचाही नाही. गाढ झोपेच्या 'फास्ट अस्लीप' मधला 'फास्ट' याच घट्टपणातून आलेला. राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा 'शुअर रोड टू' आहे, यात रोडमागे 'टू' येतो, 'ऑफ' नाही. 'भक्ती' हा शब्द बाबासाहेबांनी इंग्रजी वाक्यात तसाच ठेवला आणि पुढे अर्थ उलगडला, हे सर आवर्जून दाखवत. भाषांतर अडले तर मूळ शब्द ठेवायला लाजायचे नाही.

परदेशी भाषणे मार्गशीर्षानंतर. चर्चिल यांचे १३ मे १९४० चे, 'नथिंग टू ऑफर बट' वाले. इथे 'बट' म्हणजे 'पण' नव्हे, 'शिवाय'. त्यांनी शब्द चार उच्चारले होते, रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम. लोकांनी कष्ट गाळून टाकले आणि म्हण तीन शब्दांची केली. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान मॅकमिलन ३ फेब्रुवारी १९६० ला केप टाउनमध्ये बोलले ते 'विंड ऑफ चेंज', बदलाचा वारा, एकवचनी. आपण हमखास 'विंड्स' लिहितो, कारण मराठीत वारे वाहतात ते अनेकवचनीच. मार्टिन ल्यूथर किंग यांचे २८ ऑगस्ट १९६३ चे भाषण सर स्वप्नापासून सुरूच करत नसत. त्याआधीचा धनादेशाचा भाग घेत: वचनचिठ्ठी, 'डिफॉल्टेड ऑन' म्हणजे देणे थकवले, आणि 'इन्सफिशंट फंड्स' असा शेरा मारून परत आलेला चेक. पुढे बँकेत गेलेल्या आपल्यातल्या कित्येकांनी हे शब्द प्रथम सरांच्या तासालाच ऐकले. एक रूपक धरले की पाच-सहा वाक्ये ते सोडायचे नाही, हाही धडा त्यातच होता.

आता ती रजेच्या अर्जाची गोष्ट. वर्गातल्या एकाने नेहरूंच्या भाषणातले शब्द उचलून लिहिले की 'ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर', म्हणजे मध्यरात्रीच्या ठोक्याला, आजी आजारी पडली. वर्ग हसला, सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर त्याखाली लिहिले, 'माय ग्रँडमदर फेल इल लास्ट नाइट', आणि विचारले की यातले कोणते वाक्य वाचून मुख्याध्यापक आजीची चौकशी करतील. त्या दिवसापर्यंत वहीला तीन रकाने होते: मूळ वाक्य, मराठी, आणि स्वतःच्या गावातले नवे वाक्य. त्या दिवशी चौथा आखला गेला, दोन बोटे रुंदीचा. त्यात 'मं', 'प' किंवा 'बो'. मंचावर चालेल, पत्रात चालेल, बोलण्यात चालेल. 'ट्रिस्ट'ला फक्त 'मं', 'होल्ड फास्ट'ला 'मं' आणि 'प', 'नथिंग बट'ला तिन्ही. भाषणांवरून इंग्रजी शिकणाऱ्याची हमखास होणारी चूक एवढ्या चिंचोळ्या रकान्याने आवरली. अर्ज लिहिणाऱ्याचे नाव सांगत नाही, ते स्वागत समितीत आहेत.

भाषांतराचे काम करताना मला तो रकाना आजही लागतो. 'टेबल' हे क्रियापद घ्या. ब्रिटिश आणि भारतीय संसदीय इंग्रजीत ते चर्चेसाठी मांडणे, म्हणून आपल्याकडे कागद सभागृहाच्या पटलावर येतात. अमेरिकेत नेमके उलटे, विषय बाजूला ठेवणे. वक्ता कुठला, हे पाहिल्याशिवाय अर्थ लावता येत नाही.

हल्ली मुलांच्या हातात भाषणांचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे असतात. टाळ्यांचे वाक्य ऐकू येते, त्याच्या आधीची आठ ओळींची चढण कापलेली असते. शाळेच्या वेळापत्रकात श्रुतलेखनाचा तास उरलेला नाही, हे परवा कळले. वाईट वाटले, दुसरा शब्द नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून काय घ्यावे, असे पत्रात विचारले आहे. संविधान सभेच्या चर्चांचे इंग्रजी खंड एकूण बारा आहेत. सगळे जमले नाहीत तर पाचवा, सातवा आणि अकरावा आधी घ्यावा. सरांची तिन्ही भाषणे त्यांत येतात. आणि कपाटाला कुलूप नको.